पिवळ्या टाचांमागं

ऱ्हस्व-दीर्घ मला कळत नाही, हे आधीच सांगते. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही सुगीच्या दिवसांत घरीच असायचे. अक्षर म्हणाल तर ओल्या मातीतून कोंबडी चालून गेल्यासारखं. जोडाक्षर आलं की पेन अडतं आणि मी दुसरा सोपा शब्द शोधते. वाचणाऱ्याला त्रास झाला तर त्यानं माफ करावं. पण खरं तर त्यानं वाचूच नये, कारण ही वही मी कुणाला दाखवणार नाही. वही म्हणजे औषध कंपनीनं दुकानदारांना वाटलेली डायरी आहे. प्रत्येक पानाच्या तळाला एक हिरवी अळी छापली आहे. अळीच्या वर जेवढी जागा उरते तेवढ्यात मी लिहिते.

लिहायचं कारण एवढंच. आम्ही दोघं मराकेशला गेलो होतो ती गोष्ट निरगुडसरपासून नारायणगावपर्यंत सगळ्यांना माहीत आहे, आणि सगळ्यांना ती आमच्या ह्यांनी सांगितली आहे. मी पडले लाजाळू. चार माणसं बसली की माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, नुसता पदर पुढं येतो. त्यामुळं ह्यांचीच गोष्ट खरी होऊन बसली. माझी निदान ह्या अळ्यांना तरी कळू दे.

आमच्या ह्यांचं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. बियाणं, खतं, फवारणी, ठिबकच्या नळ्या. कंपन्या दुकानदारांना टार्गेट देतात, एवढी खोकी खपवा आणि परदेश बघा. त्याच हिशेबात हे एकदा बँकॉकला जाऊन आले. तेव्हा बायकांना न्यायचं नव्हतं. कंपनीनंच तसं ठरवलं होतं म्हणे. कंपनी किती विचारी असते ते मला त्या वेळी कळलं. ह्या खेपेला मात्र स्कीम जोडीची निघाली. टोमॅटोच्या औषधाची होती. शेवटच्या आठवड्यात टार्गेट भरेना, तेव्हा उरलेली खोकी ह्यांनी स्वतःच स्वतःला विकली. त्यातली सहा अजून आमच्या गोठ्याच्या माळ्यावर आहेत. आमच्या गाईंना टोमॅटोची अळी कधी लागणार नाही, एवढं नक्की.

मराकेश आफ्रिकेत आहे म्हटल्यावर जावेनं विचारलं, तिथं सिंह असतात का. मी म्हटलं, मला काय माहीत. तर म्हणते, "घरच्या उसात बिबट्या बसलाय, त्याला टाकून तू आफ्रिकेत जनावर बघायला चालली." तिचंही खरं होतं. पण मला जनावर बघायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मला विमानात बसून ह्यांच्या शेजारी खुर्ची मिळणार होती, तीच अपूर्वाई होती. लग्न झाल्यापासून आम्ही शेजारी असे फक्त सत्यनारायणाला बसलो.

मुंबईहून दुबई, दुबईहून आणखी एक विमान, मग बस. बावीस जोड्या होतो. शेजारच्या खुर्चीचं म्हणाल तर हे विमान उडायच्या आधीच झोपले, ते उतरल्यावर उठले. जाताना मी शेंगदाण्याचे लाडू आणि कडक भाकरी नेल्या होत्या, त्या बाकीच्या बायकांनी हसत हसत निम्म्या संपवल्या. तिथं उतरल्यावर कंपनीच्या माणसानं प्रत्येकाच्या गळ्यात पिवळ्या फितीचं कार्ड अडकवलं. त्यावर हॉटेलचं नाव, फोन नंबर. आमच्या गाईंच्या कानाला सरकारनं मारलेला बिल्लाही पिवळाच आहे. मी ते कार्ड हळूच ब्लाऊजच्या आत सारलं. परदेशात आले म्हणून काय झालं, बाजारातली गाय नव्हे मी.

गाव मात्र मला आवडलं. सगळ्या भिंती लाल, कुणी आख्खं गाव लाल मातीनं सारवून काढल्यासारखं. लांब डोंगरावर बर्फ आणि खाली बाजारात संत्र्यांचे ढीग. मोठ्या चौकात ढोल, पुंगीवाले, नाग, दात काढणारे, मेंदीवाल्या, आणि साखळीला बांधलेली माकडं. माकडं बघून मला लेण्याद्रीची आठवण आली. आमची माकडं साखळीत राहणारी नाहीत. पायऱ्या चढताना ती माणसालाच ताब्यात घेतात आणि पर्स तपासून सोडतात. आणि गाढवं. मी एवढी गाढवं कुठं पाहिली नाहीत. गाड्या ओढणारी, चामड्याची ओझी वाहणारी, गल्लीत माणसाला भिंतीशी चिकटवून पुढं जाणारी. त्यांचे मालक मागून ओरडत जायचे. एका गाढवानं माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं, हे ओळखीचं आहे. ते लक्षात ठेवा, गाढवाचं पुढं काम आहे.

आता चालण्याचं सांगते, कारण सगळं त्याच्यावरच घडलं. आमच्याकडं नवरा पुढं चालतो, बायको दहा पावलं मागं. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या दिवशी तसं चालायला लागतं आणि मग तसंच राहतं. नवरा मागं वळून बघत नाही. बाई मान खाली घालून टाचा बघत चालते. मंचरचा बाजार असो नाहीतर निमगाव सावाची जत्रा, मी ह्यांच्या टाचांमागं कधी चुकले नाही. ह्यांच्या डाव्या टाचेवर खुरप्याचा जुना वण आहे, आडवा, हसलेल्या तोंडासारखा. हजार माणसांत तो मला दिसतो. चेहऱ्याचं म्हणाल तर ह्यांनी मिशी कापली होती ते मला चार दिवसांनी कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला जुन्या बाजारात सोडलं. बोळांत बोळ, वरून वेताचं छप्पर, उन्हाच्या पट्ट्या. तिथं चपलांचं एक दुकान होतं. दुकानदारानं ह्यांना हाताला धरून बसवलं आणि पुदिन्याचा चहा आणला. काचेच्या पेल्यात हातभर उंचीवरून धार धरली, थेंब सांडला नाही. आता आमच्याकडं कुणाचा चहा पिऊन नुसतं उठता येत नाही. आणि ही गोष्ट आमच्या ह्यांना जेवढी माहीत आहे तेवढी जिल्ह्यात कुणाला माहीत नसेल, कारण त्यांचं दुकान त्याच्यावरच चालतं. शेतकरी भाव विचारायला आला की आधी चहा सांगायचा. चहा पोटात गेला की बाटली पिशवीत जातेच. तोच डाव त्या माणसानं सात समुद्रापलीकडं ह्यांच्यावर टाकला आणि हे तिसऱ्या पेल्याला चारी मुंड्या चीत झाले.

चपला घेतल्या पिवळ्याधमक, चामड्याच्या, मागून टाच झाकणाऱ्या. शेजारचा दुकानदार बघतच होता. त्यानंही चहा आणला. त्याच्याकडून एक झगा घेतला, तपकिरी लोकरीचा, घोट्यापर्यंत, मागं टोपी लावलेला. आमच्याकडची घोंगडी कुणी शिवून अंगात घालावी तसा. थंडी होतीच. ह्यांनी झगा तिथंच चढवला, चपला पायात घातल्या, स्वतःचे बूट माझ्या पिशवीत टाकले आणि फोटो काढून घेतला. आमच्या बसमधले बाकीचे दुकानदार राव राव म्हणून हसले. मी पण मनात हसले. एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. माझी खूण झाकली गेली होती.

मग हे पुढं, मी मागं. पिवळ्या टाचा दिसत होत्या, वर तपकिरी झगा. एका तिकटीवर खजुराची गाडी आडवी आली, गाढव अडलं, माणसं थांबली, गाडी गेली आणि टाचा पुन्हा चालायला लागल्या. मी मागं. टाचा डावीकडं वळल्या, उजवीकडं वळल्या, बोळ अरुंद होत गेला, दुकानं संपली. मला शंका यायला हवी होती. पण ह्यांनी जन्मात कुणाला रस्ता विचारलेला नाही. एकदा आळंदीला जाताना आम्ही चाकणच्या एका कारखान्याच्या गोदामात पोचलो होतो, तरी हे म्हणाले, जवळचा रस्ता आहे. म्हणून मी म्हटलं, काढला असेल जवळचा रस्ता. मधे एका भट्टीवर थांबून त्यांनी चार गोल रोट्या घेतल्या. मी म्हटलं, भूक लागली असेल. एका नळावर त्यांनी हात धुतले. मी लांब उभी राहिले. तिथं भिंतीकडं तोंड करून मी पदरही नीट केला, कारण हे थांबले की मी थांबायचं असतं.

शेवटी टाचा एका बुटक्या दारासमोर थांबल्या. झग्याच्या खिशात हात गेला आणि किल्ली बाहेर आली.

माझं डोकं त्या किल्लीवर अडकलं. ह्या गावात ह्यांच्याकडं घराची किल्ली कुठून आली? आणि मग, हे लिहायला लाज वाटते पण लिहिते, मला वाटलं, ह्यांनी इथं दुसरं घर केलं आहे. बँकॉकला एकटे गेले होते, त्याच्याशी मी मनात सगळं जोडूनही टाकलं. टार्गेट, खोकी, स्कीम, सगळी नाटकं. हसू नका, दोन-तीन क्षण मला हे सगळं खरंच वाटलं होतं.

तेवढ्यात त्या माणसानं मागं बघितलं. पांढरी दाढी, चष्मा, वय ह्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी जास्त. तो दचकला. मी त्याच्याहून जास्त दचकले. तो काहीतरी बोलला. मी पदर डोक्यावरून नाकापर्यंत ओढला, जसं काही त्यानं माझं भलं होणार होतं. तो पुन्हा बोलला आणि हातानं म्हणाला, कोण तू, कुठली? मी बोट त्याच्या चपलेकडं केलं. तो आपल्या चपलेकडं बघायला लागला.

दार आतून उघडलं आणि त्याची बायको बाहेर आली. जाडजूड, गोरी, हाताला पीठ, डोक्याला फडकं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, माझ्या हिरव्या बांगड्या, कुंकू, साडी सगळं खालपासून वरपर्यंत बघितलं. नवरा हात हलवून हलवून सांगत होता, आणि सांगणाऱ्या नवऱ्याचा आवाज कुठल्याही देशात सारखाच असतो. तिनं त्याला हातानंच गप्प केलं. आपल्या हिंदी मालिका त्यांच्याकडं टीव्हीवर लागतात, हे मला नंतर कळलं. ती दोन पावलं पुढं आली, त्याच्या दंडाला धरलं, आणि मालिकेतल्या सासूच्या ठसक्यात मला म्हणाली,

"मेरा."

एवढा एकच शब्द. मला काय झालं कोण जाणे, मी भर गल्लीत मान हलवून म्हणाले, "हां हां, तुमचाच. मला नको." मराठीत. तिला कळलं असणार, कारण ती हसली ती भिंतीला टेकून हसली. मग मी पण हसले. हसता हसता रडले. मला रडताना बघून तिनं मला आत नेलं.

अंगणात लिंबाचं झाड होतं. तिनं चहा केला, तव्यावर तेल लावून चौकोनी पोळी भाजली, अगदी आपल्या घडीच्या पोळीसारखी, वर मध. मी पिशवीतले उरलेले लाडू तिच्या पुढं ठेवले. ती हिंदीतले शब्द वेचून वेचून बोलायची. पति? मी मान हलवायची. खो गया? मी म्हणायचे, मी खो गई. ती म्हणायची, नहीं, पति. तिच्या मते ह्यांनाच शोधायला हवं होतं.

पण कुठं जायचं, हे मला सांगता येईना. हॉटेलचं नाव मी वाचलंच नव्हतं. ते ज्या कार्डावर होतं ते ब्लाऊजच्या आत, आणि समोर परका पुरुष बसलेला. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. शेवटी तिच्या ध्यानात आलं की मी सारखी छातीशी हात नेते. तिला वाटलं, जीव घाबरा झाला. तिनं नवऱ्याला पाणी आणायला पिटाळलं, तेवढ्यात मी फीत ओढून कार्ड बाहेर काढलं. तिनं ते वाचलं, कपाळाला हात लावला आणि परत हसायला लागली.

ती मला घेऊन निघाली ती हात धरून, शेजारी. तिचा नवरा आमच्या मागं, दहा पावलांवर, हातात माझी पिशवी. माझ्या सासरच्या एकाही माणसानं हे दृश्य पाहिलं नाही याचं मला दुःख आहे. वेशीबाहेर टॅक्सी होत्या. तिनं ड्रायव्हरशी भावावरून असं भांडण काढलं की मला वाटलं आमच्याच बाजारात आले. ठरलं ते तीस दिराम. माझ्याकडं एक पैसा नव्हता. पैसे ह्यांच्या खिशात असतात, आणि खिसा ह्यांच्याबरोबर गेला होता. तिनं आपल्या कमरेच्या बटव्यातून तीस दिराम काढून ड्रायव्हरच्या हातात ठेवले. मी दोन्ही हातांनी नको नको केलं. तिनं रोटीच्या कागदाचा तुकडा फाडला, त्यावर पेनानं नाव आणि फोन नंबर लिहिला आणि माझ्या मुठीत कोंबला.

हॉटेलच्या पायरीवर हे बसले होते. झगा अंगात, टोपी मागं पडलेली, तोंड ओढलेलं. मी उतरले तसे उठले आणि पहिलं काय विचारलं, तर, "जेवली का?"

मी म्हटलं, जेवले.

मग ह्यांच्याकडून ऐकलेलं बाकीच्या बायकांनी मला सांगितलं. हे तासभर माझ्याशी बोलत चालले होते. चामड्याला कसला वास येतो, गाढवांना काय खायला घालतात, सगळं मला सांगत होते. मी उत्तर देत नव्हते, पण ते तर मी कधीच देत नाही. मग एका ठिकाणी निळ्या नक्षीचा मातीचा वाडगा घेतला आणि मागं न बघता सवयीनं हात मागं केला, घे म्हणून. वाडगा खाली पडून फुटला. तेव्हा ह्यांना कळलं की मागं कुणी नाही.

रात्री मी ह्यांना म्हटलं, उद्या मला त्या बाईकडं न्या, तिचे तीस दिराम द्यायचे आहेत. उद्या बस डोंगराकडं जाणार होती. हे म्हणाले, "तीस दिरामाचं काय घेऊन बसली? मी अकराशेचा झगा घेतलाय." मी पुन्हा काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी परत बसमधून ती लाल वेस दिसली आणि मागं गेली.

घरी आल्यावर ह्यांनी दुकानात गोष्ट सांगायला सुरुवात केली. पहिल्यांदा वाडग्यापर्यंत सांगायचे आणि त्यात हे स्वतःवर हसायचे. पण लोकांना वाडग्याचं हसू येईना, तेव्हा गोष्ट बदलत गेली. शेवटी एवढीच उरली:

"आमची दुसऱ्याच्या मागं गेली व्हती. त्यानंच परत पाठवली."

एवढं झालं की दुकान हसून लोळायचं. लग्नात मांडवात कुणीतरी ओरडायचं, वहिनी, टाचा बघून चाला. जावेनं विचारलं, "म्हातारा व्हता का गं? मग बरोबरय, न्हाई ठेवून घ्यायचा." मी पाण्याचा तांब्या घेऊन आत जायचे.

माझी आई म्हणायची, ह्या जन्मी कुणाचं राहिलं तर पुढच्या जन्मी त्याच्या दारात ओझं वाहायला जन्म घ्यावा लागतो. देवाधर्माचं मी सगळंच मानते असं नाही. उपास धरते आणि दुपारी विसरून भजी खाते. पण मराकेशची गाढवं मी डोळ्यांनी पाहिली होती. तो धोका घ्यायची माझी तयारी नव्हती.

आणि गाढवाहून मोठं एक होतं. ते मला गाईंचं शेण काढताना सुचलं. टॅक्सीचं भाडं तिनं दिलं, म्हणून मला परत पाठवली. भाडं मी दिलं असतं तर मी परत आले असते. दोन्हींत तीस दिरामाचा फरक होता. लाडू दिले ते चहापोळीचे फिटले. भाडं बाकी होतं, आणि बाकी होतं तोवर ह्यांची गोष्ट खरी होती.

अंड्यांचे पैसे माझे स्वतःचे असतात. त्यातून मी तीस दिरामचे होतात तेवढे, तीनशे रुपये बाजूला काढले, कागदाच्या तुकड्याबरोबर हळदीच्या डब्यात ठेवले. आता पाठवायचे कसे? मंचरच्या बँकेत गेले. खिडकीमागच्या मुलीनं तीनदा विचारलं, मावशी, किती म्हणता? मग म्हणाली, तीनशे पाठवायला दोन हजारांच्या वर खर्च येईल आणि तिचा बँकेचा नंबर लागेल. माझ्या मागं रांग हसली. कंपनीचा माणूस दुकानात आला तेव्हा धीर करून पडद्याआडून त्याला विचारलं. तो म्हणाला, पुढची स्कीम व्हिएतनामची आहे. ह्यांना विचारायचा प्रश्नच नव्हता. ह्यांनी पैसे दिले असते तर पुन्हा त्यांनीच मला परत आणल्यासारखं झालं असतं.

असं दीड वर्ष गेलं. मग पुतणीच्या लग्नाच्या बांगड्या भरायला जुन्नरला गेले. तिथली बांगडीवाली भाभी माझे हात लग्नाच्या आधीपासून ओळखते. बांगडी भरताना बाईचा हात दुसरीच्या हातात असतो आणि दुखत असतं, तेव्हा तोंडातून खरं निघतं. मी सगळं सांगितलं. किल्लीचंसुद्धा. भाभी हसता हसता दोन बांगड्या फोडून बसली. कुठं जमलं तर म्हणून गावाबाहेर जाताना मी डब्यातले पैसे आणि कागद बरोबर घ्यायचे, तो कागद काढला. तिनं चष्मा लावून त्यावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं. दीड वर्ष मी जिचं देणं लागत होते तिचं नाव मला त्या दिवशी कळलं. ते मी इथं लिहीत नाही, ते माझ्यापाशी राहू दे.

"माझा दीर दुबईला हॉटेलात हाये," भाभी म्हणाली. "त्याच्या भटारखान्यात रोटीवाला आहे, तो तिकडचाच, मोरोक्कोचा. दे इकडं पैसे."

मग मला उलगडलं. बँकेला जे जमलं नाही ते आपल्याकडं रोज होतं. शहरातल्या पोराचा डबा एसटीच्या कंडक्टरकडं दिला तर पोचतो, माहेरची ज्वारी दुधाच्या गाडीतून येते. हेही तसंच, फक्त एसटी लांबची. मी तीनशे रुपये भाभीला दिले. तिनं दिराला फोनवर नाव-नंबरासकट सगळं सांगितलं, त्यानं तिथं स्वतःच्या खिशातले रोटीवाल्याला दिले. रोटीवाल्याची सुट्टी उन्हाळ्यात होती, ती पुढं गेली. मग ईदला जाणार होता, तेव्हा मालकानं सोडलं नाही. मी दर बाजाराला भाभीच्या दारात डोकावायचे. तिनं नुसती मान हलवली की मी भाजी घेऊन घरी यायचे. गाढव मधेमधे स्वप्नात यायचं.

गेल्या महिन्यात आम्ही लेण्याद्रीला निघालो होतो. मराकेशहून आल्यापासून हे चढणीवर मला पुढं घालतात. लोकांना सांगतात, हिच्यावर लक्ष ठेवावं लागतं. मला सांगतात, गुडघे दुखतात. जुन्नरमधून जाताना भाभीनं दुकानातून हाक मारली, ताई, ये, बघून जा.

तिच्या फोनवर फोटो होता. तेच बुटकं दार. दारात ती, तेवढीच जाडजूड, डोक्याला फडकं, आणि तिच्या पसरलेल्या तळहातावर वीस दिरामची नोट आणि दहा दिरामचं नाणं. मागं उंबऱ्यात तिचा नवरा उभा होता. चेहरा कापला गेला होता, नुसत्या पिवळ्या चपला दिसत होत्या. खाली तिचा आवाज होता. भाभीनं लावला. ती लांबलचक काहीतरी बोलली आणि शेवटी मालिकेतलं हिंदी आलं: "बहन, मिल गया. पति ठीक?"

हे माझ्या खांद्यावरून बघत होते. म्हणाले, हे काय आहे? मी म्हटलं, टॅक्सीचं भाडं.

"कुणी दिलं?"

"मी. अंड्यांच्या पैशांतनं."

फोटो दाखवताना धरलेला माझा हात भाभीनं सोडला नव्हता. ती ह्यांना म्हणाली, "काय भाऊ, तुमच्या बाईला कुणी परत पाठवली म्हणं?"

ह्यांनी वाकून फोटो पुन्हा बघितला. मग म्हणाले, "कुणी न्हाई. आली ती." आणि थोड्या वेळानं, खाली चपलांकडं बोट करून, "पण हा माणूस माझ्यासारखा दिसतो तरी कुठं?"

भाभीनं फोटो मोठा करून पुन्हा एकदा माझ्यासमोर धरला आणि आम्ही दोघींनी मोजलं. वीसाची नोट, दहाचं नाणं. तीस. पुरे फिटले.